निवेदन (चौथे) : डोमेन विक्रेत्यांच्या फसवणुकीचा एकत्रित गुन्हा नोंदवण्याबाबत

प्रति,
मा. पोलीस उपायुक्त (सायबर व आर्थिक गुन्हे),
पोलीस आयुक्तालय.

विषय : खोट्या खरेदीदारांच्या ई-मेलद्वारे डोमेन विक्रेत्यांना गंडा घालणाऱ्यांविरुद्ध गुन्हा नोंदवून तपास सुरू करण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरील आमची यापूर्वीची तीन निवेदने. आवक शिक्क्यांच्या प्रती सोबत आहेत.

महोदय,

खाली सह्या करणारे आम्ही 14 जण इंटरनेटवरील डोमेन नावांची खरेदी-विक्री करतो. कोणाचा हा पूर्णवेळ धंदा आहे, कोणी नोकरी सांभाळून करतो, तर एक ताई शिकवण्यांच्या जोडीला करतात. चांगले नाव हेरून नोंदवायचे, दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे भरून ते जपायचे आणि गिऱ्हाईक आले की विकायचे, एवढाच हा व्यवसाय. शंभर नावे सांभाळावीत तेव्हा वर्षाकाठी एखाद-दुसरे विकले जाते. त्यामुळे ‘हे नाव अजून विकायचे आहे का?’ अशी एका ओळीची ई-मेल आली की माणूस हातातले काम टाकून उत्तर देतो. फसवणारे नेमके याच घाईवर जगतात.

आमच्यापैकी 11 जणांना एकाच पद्धतीने फसवले गेले. तीन निवेदनांत हे लिहिले आहे, पण दर वेळी नव्या अधिकाऱ्यांना पहिल्यापासून सांगावे लागते, म्हणून पुन्हा लिहितो.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त छपाई-व्यावसायिक आहेत. त्यांच्या एका नावासाठी परदेशी गुंतवणूकदार म्हणवणाऱ्याची ई-मेल आली. काकांनी दोन लाख रुपये सांगितले. समोरचा लगेच ‘मंजूर’ म्हणाला. आपल्याकडे जुनी सायकल विकतानाही गिऱ्हाईक घासाघीस करते. काकांना तेव्हाच शंका यायला हवी होती, असे आज तेच म्हणतात. दुसऱ्या दिवशी अट आली : या नावाचे अप्रेझल सर्टिफिकेट, म्हणजे मूल्यांकनाचे प्रमाणपत्र हवे. संगणकाने आपोआप काढलेले फुकटचे चालणार नाही, माणसाने तपासलेलेच पाहिजे. कोणाकडून घ्यायचे ते तुम्हीच ठरवा, असेही तो साळसूदपणे म्हणाला. सोबत एका चर्चेची लिंक मात्र दिली. तिथे कोणीतरी ‘विश्वासू अप्रेझल कुठे मिळेल?’ असे विचारले होते आणि तिघा-चौघांनी एकाच संस्थेचे नाव सुचवले होते. विचारणारा तोच, सांगणारेही तेच, हे आम्हाला नंतर समजले. अप्रेझलचा खर्च सौद्याच्या रकमेत वाढवून देण्याचे आश्वासनही होते.

काकांनी कार्डाने सुमारे साडेपाच हजार रुपये भरले. दोन दिवसांत रंगीत प्रमाणपत्र आले, त्यात नावाची किंमत मागितल्याच्या दुप्पट लिहिलेली. खरेदीदार म्हणाला, उत्तम, आता ट्रेडमार्क तपासणीचे एक प्रमाणपत्र तेवढे जोडा. काकांनी पुन्हा पैसे भरले. त्यानंतर खरेदीदाराची ई-मेल आली नाही, ती आजतागायत.

बँकेत गेलो तर सांगितले गेले की कार्डाचा तपशील तुम्हीच भरला आणि सेवाही मिळाली, आता आमच्या हातात काही नाही. पोलीस ठाण्यात गेलो. तिथे जे ऐकावे लागले, त्यासाठीच हे निवेदन आहे. ड्यूटीवरील अधिकारी म्हणाले, “काका, सर्टिफिकेट मिळालं ना? मग फसवणूक कुठली?”

महोदय, या एका प्रश्नावर आमचे सगळे प्रकरण अडले आहे. फसवणूक त्या प्रमाणपत्रातच आहे. खरेदीदार आणि प्रमाणपत्र विकणारा एकच आहे. त्याला डोमेन कधीच विकत घ्यायचे नव्हते, त्याला फक्त कागद विकायचा होता. हे आमचे अनुमान नाही, त्याचे पुरावे आम्ही दोनदा दिले आहेत. 11 जणांची प्रमाणपत्रे तीन वेगवेगळ्या नावांच्या संकेतस्थळांवरून आली, पण मांडणी एकच, सहीचे चित्र एकच आणि दुसऱ्या परिच्छेदातील स्पेलिंगची चूकही एकच. खरेदीदारांची नावे वेगळी, पण अट घालणारे वाक्य शब्दशः तेच. ‘पंधरा वर्षांचा अनुभव’ सांगणारी ती संकेतस्थळे पहिली ई-मेल येण्याच्या जेमतेम काही आठवडे आधी नोंदवलेली होती. कोणते डोमेन कधी नोंदवले हे सार्वजनिक नोंदींतून पाहणे हे आमचे रोजचे काम आहे. ते आम्ही पैसे भरण्याआधी केले नाही, एवढा दोष आमचा. तपासासाठी मात्र ते सगळे तक्त्यात मांडून तुमच्या कार्यालयात दिले आहे.

त्या तक्त्याचे काय झाले तेही नोंदवतो. पहिल्या वेळी ई-मेलच्या तांत्रिक शीर्षनोंदींसह प्रिंट मागितले गेले. आम्ही सगळी चळत बांधून दिली. दुसऱ्या वेळी सांगितले गेले की प्रिंटचा उपयोग नाही, पेनड्राइव्हवर आणा. पेनड्राइव्ह दिला. तिसऱ्या वेळी कळले की बाहेरचे पेनड्राइव्ह कार्यालयातील संगणकाला लावता येत नाहीत. तो आमचा पेनड्राइव्ह अजून तिथेच आहे. पहिल्या निवेदनानंतर ‘आठ दिवसांत कळवतो’ असे आश्वासन मिळाले. दुसऱ्यानंतर गणपतीचा बंदोबस्त संपू द्या, असे सांगण्यात आले. गणपती संपले, नवरात्र संपले. तिसऱ्यानंतर निवडणूक होऊ द्या, म्हणाले. निवडणूक झाली आणि आमच्याशी बोललेल्या साहेबांची बदली झाली. 1930 या हेल्पलाइनवर केलेल्या तक्रारींपैकी चार ‘निकाली’ निघाल्याचे संदेश मोबाइलवर आले. त्या चौघांना तोपर्यंत कोणाचाही फोन आला नव्हता. त्या कशा निकाली निघाल्या, हे आम्हाला समजून घ्यायला आवडेल.

दर वेळी रक्कम विचारली जाते आणि ती ऐकून समोरच्याचा उत्साह मावळतो. पाच हजारांसाठी परदेशात कुठे पत्रव्यवहार करायचा, असे तोंडावर सांगितले गेले. आम्हा 11 जणांचे मिळून सुमारे 58,000 रुपये गेले. तक्रार करण्याइतके कोणाचेही नुकसान होऊ नये, अशा बेताने ही रक्कम ठरवलेली असते. अर्ज सुटे ठेवले तर प्रत्येक अर्ज क्षुल्लक वाटणारच. एकत्र ठेवले तर एक टोळी दिसते.

बाराव्या सहकाऱ्याचे नुकसान वेगळे आणि अधिक गंभीर आहे. त्यांच्या खरेदीदाराने एस्क्रोमार्फत व्यवहार करू असे सुचवले, म्हणजे पैसे मध्यस्थाकडे ठेवायचे आणि खरेदीदाराला डोमेन मिळाल्यावर मध्यस्थाने ते विक्रेत्याला द्यायचे. ‘पैसे जमा झाले, आता हस्तांतर करा’ अशी मध्यस्थाची ई-मेल आली. ते मध्यस्थाचे संकेतस्थळच बनावट होते. नावात एका अक्षराचा फरक होता. त्यांनी ट्रान्सफर कोड दिला आणि सात वर्षे जपलेले नाव दुसऱ्या देशातील रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावांची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे गेले. एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे गेलेले नाव पुढचे 60 दिवस सहसा तिसरीकडे हलवता येत नाही. नाव परत मिळवण्याची खरी संधी त्याच दिवसांत असते. त्यांनी तिसऱ्या दिवशी अर्ज दिला. ‘चोरीला गेलेली वस्तू नेमकी काय, ते लिहून द्या’ असे पत्र त्यांना मिळाले तेव्हा ते 60 दिवस उलटून गेले होते.

वस्तू काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आमच्याकडून ऐकण्याची गरज नाही. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच डोमेन नावाला कायद्याचे संरक्षण असल्याचे सांगितले आहे. तपास होत नाही असेही नाही. अमेरिकेत 2006 मध्ये चोरलेल्या पी2पी डॉट कॉम या नावाच्या प्रकरणात न्यू जर्सीच्या पोलिसांनी 2009 मध्ये आरोपीला अटक केली आणि पुढे त्याला तुरुंगवास झाला. त्याचीही सुरुवात एका साध्या तक्रारीनेच झाली होती.

आमच्या मागण्या :

1. आमच्या 11 तक्रारी एकत्र करून एकच गुन्हा नोंदवावा, त्यासाठी एक तपास अधिकारी नेमावा आणि त्यांचे नाव आम्हाला लेखी कळवावे. बदली झाल्यास कागदपत्रे पुढील अधिकाऱ्यांकडे पोहोचल्याची पोच द्यावी.

2. ई-मेल सेवा देणाऱ्या कंपन्या, त्या तीन संकेतस्थळांचे रजिस्ट्रार, होस्टिंग कंपन्या आणि पैसे स्वीकारणारे पेमेंट गेटवे यांना नोंदी जपून ठेवण्याची पत्रे तातडीने पाठवावीत. पहिल्या निवेदनात हीच मागणी पहिली होती. तेव्हा तिन्ही संकेतस्थळे सुरू होती. आज एकच सुरू आहे.

3. बाराव्या तक्रारीत संबंधित रजिस्ट्रारला नाव गोठवण्यासाठी पोलिसांचे अधिकृत पत्र द्यावे. आमच्या पत्राला तो दाद देत नाही. पोलिसांचे पत्र आणा, असे त्याने लेखी कळवले आहे.

4. न विचारता ‘निकाली’ काढलेल्या चार तक्रारी पुन्हा उघडाव्यात.

5. या फसवणुकीबरोबरच डोमेनधारकांना येणाऱ्या खोट्या नूतनीकरण बिलांबाबत आणि ‘तुमचे नाव दुसरी कंपनी नोंदवते आहे’ अशा धमकीवजा ई-मेलबाबत मराठीत जाहीर सूचना काढावी.

6. आमचा पेनड्राइव्ह परत मिळावा.

शेवटी एक तातडीची बाब. हे निवेदन लिहीत असताना आमच्यातील तेराव्या सहकाऱ्याला तशीच ई-मेल आली आहे. किंमत न घासता मान्य झाली, काल प्रमाणपत्राची अटही आली आणि वाक्य तेच आहे. त्यांनी पैसे भरलेले नाहीत आणि संशयही दाखवलेला नाही. माणूस आत्ता बोलतो आहे, त्याला बोलते ठेवता येईल. आम्ही त्याला ‘आठ दिवसांत कळवतो’ असे लिहिले आहे. हे वाक्य आम्हाला आता चांगले पाठ झाले आहे. त्या आठ दिवसांत तपास अधिकारी नेमले गेले तर पुढचे उत्तर त्यांच्या सांगण्याप्रमाणे जाईल. अन्यथा या प्रकरणाचा हा शेवटचा जिवंत धागाही तुटेल आणि आम्हाला पाचवे निवेदन मा. पोलीस आयुक्तांकडे समक्ष घेऊन जावे लागेल.

कळावे,

आपले नम्र,
डोमेन नावांचे 14 विक्रेते
(सह्यांचा कागद स्वतंत्र जोडला आहे)

सोबत : मागील तीन निवेदनांच्या आवक प्रती, 11 प्रमाणपत्रांचा तुलनात्मक तक्ता (तिसऱ्यांदा), ई-मेल शीर्षनोंदींचे प्रिंट (दुसऱ्यांदा), रजिस्ट्रारचे उत्तर, तेराव्या सहकाऱ्याचा चालू पत्रव्यवहार.