मरणाची खबर आणि ताजियतीचा अदब

११ नोव्हेंबर २०२५ ची सकाळ. मुलांना शाळेत पाठवायची गडबड चालू असताना मोबाईलवर खबर आली की धर्मेंद्र गेले. काही वाहिन्यांनी दाखवले, मोठमोठ्या लोकांनी श्रद्धांजली वाहिली. मग काय, आमच्या खानदानच्या ग्रुपवरही ‘शोले’तल्या वीरूचे फोटो आणि मेणबत्त्या सुरू झाल्या. थोड्याच वेळात पत्नी हेमा मालिनी आणि मुलगी ईशा यांना जाहीर करावे लागले की ते हयात आहेत, उपचार चालू आहेत. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यातून घरी आले. २४ नोव्हेंबरला त्यांचे खरोखर निधन झाले. नव्वदावा वाढदिवस दोनच आठवड्यांवर होता.

याआधीच्या वर्षी उस्ताद झाकीर हुसैन यांच्याबाबत हेच घडले. १५ डिसेंबर २०२४ च्या रात्री त्यांच्या इंतकालची खबर देशभर फिरली. ते सॅन फ्रान्सिस्कोच्या दवाखान्यात होते. घरचे सांगत होते की अजून श्वास चालू आहे, दुआ करा. कुटुंबाने निधनाची खबर दिली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. तोपर्यंत लाखो लोकांनी त्यांना मयत ठरवून टाकले होते.

आपल्या आवडत्या माणसाच्या जाण्याने दुःख होणे स्वाभाविक आहे. ज्याचा खेळ बघत, ज्याचे गाणे ऐकत आपण मोठे झालो, त्याच्याबरोबर आपल्या आयुष्याचाही एक तुकडा जातो. प्रश्न दुःखाचा नाही, घाईचा आहे. वाहिनीला पहिले व्हायचे असते आणि आपल्यालाही ग्रुपवर पहिले व्हायचे असते. पण विचार करा, दवाखान्यात बापाच्या उशाशी बसलेल्या मुलीच्या फोनवर आपलीच श्रद्धांजली जाऊन पडली तर तिला काय वाटेल?

आपल्याला तर याबाबत स्पष्ट शिकवण आहे. सूरह हुजुरातमध्ये ताकीद आहे की खबर आली तर आधी तपासा, नाहीतर नकळत कुणाला तरी इजा कराल आणि मागून पस्तावाल. जुम्याच्या बयानात आपण हे कितीदा ऐकलेय. पण फॉरवर्डचे बटण दाबताना आठवत नाही.

मेल्यानंतरची अदालत

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. कलाकार किंवा खेळाडू गेला की त्याचा धर्म काढला जातो.

६ फेब्रुवारी २०२२ आठवा. दादरच्या शिवाजी पार्कवर लता मंगेशकरांना निरोप दिला जात होता. शाहरुख खानने दोन्ही हात उचलून दुआ मागितली आणि मास्क खाली करून फुंकर घातली. बाजूला त्याची मॅनेजर हात जोडून उभी होती. दोघे आपापल्या रीतीने एकाच बाईला निरोप देत होते. तरी काही लोकांनी ‘थुंकला’ असा गवगवा केला. ज्यांनी लहानपणी आजारात दादी-नानीची फुंकर घेतलेली आहे, त्यांना त्या दिवशी किती लागले हे सांगायला नको. समाधान एवढेच की इतर समाजातल्या असंख्य लोकांनीही तेव्हा खरे काय ते सांगितले.

पण आरसा आपल्याकडेही वळवायला हवा. एखादा मुस्लिम कलाकार गेला की आपल्याच काही भावांची अदालत सुरू होते. तो नाचगाण्यात होता, त्याच्यासाठी मगफिरतची दुआ कशाला? ‘इन्ना लिल्लाह’ लिहिणाऱ्यालाही झापले जाते. ज्याचा हिशेब अल्लाहकडे गेला, त्याचा निकाल आपण मोबाईलवर लावतो. मयताचे चांगले ते बोला, वाईट झाका, ही आपल्या नबी (स.) यांची शिकवण. एका यहुदी माणसाचा जनाजा जाताना ते उभे राहिले आणि लोकांनी विचारले तेव्हा तोही एक जीवच होता याची त्यांनी आठवण दिली. गैरमुस्लिमाच्या निधनावर कोणते शब्द वापरावेत, हा मसला आलिमांना विचारावा. पण त्याच्या घरच्यांना धीर द्यायला, त्याची चांगली गोष्ट सांगायला कुणी अडवलेले नाही.

गोंगाटात निसटलेली नावे

या सगळ्या गोंधळात कोण निसटून जाते ते बघा.

४ मार्च २०२५ ला दुबईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात मोहम्मद शमीने पेय प्यायले. रमजान चालू होता. एका मौलानांनी त्याला गुन्हेगार म्हटले, दुसऱ्यांनी मुसाफिराला सवलत आहे असे सांगितले, आणि वाहिन्यांना कित्येक दिवसांचा मसाला मिळाला. त्यानंतर आठच दिवसांनी, १२ मार्चला, त्याच रमजानमध्ये, सय्यद आबिद अली यांचा अमेरिकेत इंतकाल झाला. वय ८३. शमीच्या रोजावर रात्र रात्र वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांच्यासाठी हात उचलले?

हे आबिद अली कोण, असे मी वर्गात विचारले. एकाही मुलाला सांगता आले नाही. मुलांचा काय दोष? आपणच सांगितले नाही. हैदराबादचा हा खेळाडू पहिल्याच कसोटीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध एका डावात सहा बळी घेऊन गेला. २४ ऑगस्ट १९७१ ला लंडनच्या ओव्हल मैदानावर अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमधली भारताची पहिली कसोटी जिंकली, तेव्हा विजयाचा चौकार आबिद अलींच्या बॅटमधून आला होता. मुंबईचा मराठी कप्तान आणि हैदराबादचा मुस्लिम खेळाडू. तेव्हा रेडिओला कान लावून बसलेल्यांनी त्यात दोन धर्म मोजले नव्हते.

दोन वर्षांआधी, २ एप्रिल २०२३ ला, जामनगरमध्ये सलीम दुरानी गेले. तोही रमजानच. अर्जुन पुरस्कार मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू. १९७१ च्या पोर्ट ऑफ स्पेन कसोटीत त्यांनी सोबर्स आणि लॉईड यांना लागोपाठ बाद केले आणि वेस्ट इंडिजवरच्या पहिल्या विजयाचा रस्ता मोकळा झाला. प्रेक्षकांनी ओरडून मागितले की षटकार मारायचे, अशी त्यांची ख्याती. १९७३ मध्ये इंग्लंडविरुद्ध त्यांना वगळले तेव्हा दुरानी नाही तर कसोटी नाही, असे फलक लागले आणि मुंबईच्या कसोटीत त्यांना परत घ्यावे लागले. ते फलक धरणारे कोण होते? सगळ्या जातीधर्मांचे साधे क्रिकेटवेडे.

दुरानी आणि आबिद अली, दोघेही प्रत्येकी २९ कसोट्या खेळले. आजच्या मापाने कमाई जवळजवळ नाहीच. त्यांची इस्टेट म्हणजे लोकांची आठवण, आणि तीही आपण जपली नाही. आज आपल्या मुलांना या देशात आपले काय योगदान, असे विचारले जाते. तेव्हा त्यांच्याजवळ अशी चार नावे तारखेसह असली तर ती खाली मान घालणार नाहीत.

मग करायचे काय?

मोठे काही नाही. खबर आली की घरच्यांचे किंवा दवाखान्याचे निवेदन येईपर्यंत थांबा. एक तास उशीर झाला तर काही बिघडत नाही. खात्री झाली की दुआ करा, चांगले बोला आणि वादात पडू नका. त्या रात्री दस्तरखानवर मुलांना त्या माणसाची एक गोष्ट सांगा. तो काय शिकला, किती मेहनत केली, पडल्यावर कसा उठला.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, जिवंत असताना भेटा. प्रत्येक मोहल्ल्यात एखादे चाचा असतात, जिल्ह्याकडून हॉकी किंवा कबड्डी खेळलेले, नाहीतर एकेकाळी कव्वालीची मैफल गाजवलेले. शाळेच्या बक्षीस समारंभाला पुढाऱ्याऐवजी एकदा त्यांना बोलवा. मुलांना त्यांची मुलाखत घ्यायला सांगा, वहीत लिहून ठेवायला सांगा. आमच्या शाळेत या वर्षी आम्ही हे ठरवले आहे. ईदनंतर सुरुवात करू, इन्शाअल्लाह.