बाणाची दांडी आणि ‘आदिम’ हे विशेषण

१/१३
जुलैच्या पावसात शीळफाट्याच्या परिसरात लाकडी दारे चौकटीत अडकू लागतात आणि डिसेंबरात तीच दारे निमूटपणे लागतात. ज्याने हे पाहिले आहे, त्याला बाणाच्या दांडीवर लेप का चढवावा लागतो हे सांगण्याची गरज पडू नये. तरीही याविषयी एक गैरसमज हटता हटत नाही. हा धागा त्या गैरसमजाविरुद्ध आहे.

२/१३
गैरसमज असा : आपल्याकडचे जुने बाण म्हणजे रानातून तोडलेल्या कच्च्या काड्या; दांडी घासणे, तिला झिलई देणे, ओलाव्यापासून राखणे ही सारी युरोपीय छंदिष्टांची देणगी. ठाणे जिल्ह्यातील कातकरी, वारली, ठाकर यांच्या धनुष्याला ‘आदिम’ हे विशेषण याच समजुतीतून चिकटते. लाकडाचे शास्त्र, जुने ग्रंथ आणि सरकारी कायदा या तिन्ही कसोट्यांवर ही समजूत टिकत नाही.

३/१३
प्रथम शास्त्र. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असता लाकडातील पाण्याचा अंश सुमारे ९ टक्क्यांवर स्थिरावतो. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की तो २० टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. दांडी फुगते, जड होते आणि तंतू जेथे तिरपे असतील तेथे वाकते. एका जुडीतील बाण मग एकाच वजनाचे राहत नाहीत आणि एकाच जागी लागतही नाहीत.

४/१३
कोणताही लेप ही बाष्पाची ये-जा पूर्णपणे थांबवत नाही. तो तिला विलंब लावतो. हा विलंबच मोलाचा असतो. तंतूंची उघडी टोके कडेच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने पाणी शोषतात. म्हणून दोरी बसते ती खाच आणि फाळ बसतो ते टोक, ही दोन ठिकाणे सर्वांआधी बंद करावी लागतात. मधली दांडी चकचकीत आणि टोके उघडी ठेवणारा कारागीर फसतो.

५/१३
आता ग्रंथ. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात आयुधागाराध्यक्षाची कर्तव्ये दिली आहेत. तेथे बाणांच्या साहित्यात वेणू म्हणजे बांबू आणि शर म्हणजे बोरूसारखे गवत यांची नोंद आहे. ‘शर’ या एकाच शब्दाने गवतही ओळखले जाते आणि बाणही. आयुधांची जागा वारंवार बदलावी, त्यांना ऊन-वारा दाखवावा आणि उष्णता, ओलावा, कीड यांपासून ती जपावीत, असेही त्या अध्यक्षाला बजावले आहे. कच्च्या काड्यांची एवढी चिंता कोणी वाहत नाही.

६/१३
मोगल व राजपूत काळातील जे बाण संग्रहालयांत आहेत, त्यांच्या बोरूच्या दांड्यांवर पिसांच्या भागी रंगाचे आणि सोनेरी पट्टे दिसतात. पाहणारा त्यांना केवळ शोभा समजतो. परंतु हाच भाग बाणाचा सर्वांत नाजूक भाग असतो : सरस, दोरा, पिसे आणि खाच सारे येथेच. १५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोज’ या इंग्रज जहाजावरील बाणांच्याही पिसांच्या भागावर तांब्याचा अंश असलेला लेप आढळला. दोन दूरच्या देशांतील कारागिरांनी दुखरी जागा एकच ओळखली होती.

७/१३
भारतीय कारागिराच्या हाताशी लाख होती. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर एक लहानसा कीटक ती निर्माण करतो. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर पसरते. खराद्याचे लाखकाम याच तत्त्वावर चालते. सुताराच्या दुकानातील ‘चपडा’ ही तीच लाख, स्पिरिटमध्ये विरघळणारी. आज परदेशी धनुर्विद्येच्या दुकानांत दांडीसाठी जी ‘शेलॅक’ विकली जाते, तीही हीच.

८/१३
‘पूर्वज तेल लावत, म्हणून तेलच अस्सल’ असाही एक हट्ट असतो. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि दिसते सुंदर, पण बाष्प अडवण्यात ते दुबळे. चपडा त्या कामी फार सरस आहे. मात्र तो उष्णतेने मऊ पडतो आणि साचलेल्या पाण्याने पांढुरका होतो. शिवाय जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून टाकले तर ते आपोआप तापून पेट घेतात. ते पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.

९/१३
घरी दांडी घडवणाऱ्यासाठी क्रम सोपा आहे. तंतू टोकापासून टोकापर्यंत सरळ धावणारी काठीच निवडावी. तिरप्या तंतूंची काठी सुटताना मोडून हातात घुसू शकते आणि हा दोष कोणताही लेप झाकत नाही. मग बारीक पॉलिश पेपर, धूळ पुसणे, चपड्याचे तीन-चार पातळ हात, दोन हातांमध्ये हलकी घासणी. एक जाड हात कधीही देऊ नये. पिसांचा गोंद त्या लेपावर धरतो की नाही, हे एका तुकड्यावर आधी पाहावे.

१०/१३
आता तिसरी कसोटी, कायदा. १८७८ या एकाच वर्षी इंग्रज सरकारने दोन कायदे केले. शस्त्र कायद्याने ‘शस्त्र’ या व्याख्येत तलवार-भाल्यांच्या पंगतीला धनुष्यबाण बसवला. वन कायद्याने राखीव जंगलातील साहित्यावर पहारा बसवला. एकाने वस्तू संशयित ठरवली, दुसऱ्याने तिचा कच्चा माल.

११/१३
१९२७ च्या वन कायद्यातील ‘वनोपज’ या व्याख्येची यादी पाहावी : इमारती लाकूड, कात, राळ, नैसर्गिक वार्निश, साल, लाख. ही द्रव्ये जंगलात सापडोत वा न सापडोत, वनोपजच. याच कायद्याने बांबूलाही झाड ठरवले. खैरापासून कात काढण्यावरून ज्यांचे नाव पडले त्या कातकऱ्यांचा व्यवसायही याच यादीत आला. जंगलातील लोकांना लेप ठाऊकच नव्हता म्हणणाऱ्यांनी एक उत्तर द्यावे : वार्निश आणि लाख कोणीच गोळा करत नव्हते, तर त्यांवर पहारा कोणासाठी?

१२/१३
ही गाठ फार उशिरा सैल झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू, मेण आणि लाख यांना गौण वनोपज मानून त्यांवर ग्रामीण वनवासी समाजांचा हक्क मान्य केला. २०१७ साली वन कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. १९२७ पासून मोजले तर नव्वद वर्षे. एवढ्या काळात हातातले कसब विरळ झाले, तर त्याला आदिमपणा म्हणावे की अडवणूक?

१३/१३
१९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि ती बंदच राहावी. आजची दांडी लक्ष्यफलकासाठी आहे. पण प्रदर्शनात ठाणे जिल्ह्यातील बाण मांडताना ‘आदिम शस्त्र’ एवढेच लिहिणे आता थांबले पाहिजे. दांडी कशाची, सरळ कशी केली, टोके कशाने बंद केली, कोणी केली, एवढे त्या पाटीवर यायला हवे. हे लिहिण्यासाठी कारागिराला विचारावे लागेल. ‘आदिम’ या शब्दाने आजवर तो प्रश्नच टाळला.