ग्राहकानुभव प्रमुख : पद मोठे, अधिकार किती?

मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि दूरसंचार कंपन्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या यादीत गेल्या काही वर्षांत एक नवे पद स्थिरावले आहे. कुठे त्याला ‘मुख्य ग्राहक अधिकारी’ म्हणतात, कुठे ‘ग्राहकानुभव प्रमुख’. पूर्वी हे काम तक्रार निवारण कक्षाकडे असे आणि त्या कक्षात झालेली बदली ही बढती खचितच मानली जात नसे. आता तोच विषय थेट व्यवस्थापकीय संचालकांच्या दालनात पोहोचला आहे. मात्र या प्रवासात पदाला प्रतिष्ठा जेवढी मिळाली, तेवढा अधिकार मिळाला काय, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

या पदाच्या उत्कर्षाचे मोठे श्रेय एका आकड्याला द्यावे लागेल. ‘आमच्या कंपनीची शिफारस आप्तमित्रांना कराल का, शून्य ते दहा गुण द्या,’ हा प्रश्न आज प्रत्येकाच्या मोबाइलवर येतो. फ्रेडरिक रायशेल्ड यांनी 2003 मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त ही कल्पना मांडली आणि पाहता पाहता जगभरच्या कंपन्यांनी ती उचलली. ग्राहकाचे समाधान एका अंकात मावू लागले आणि तो अंक वाढवणे हेच अनेक ठिकाणी ग्राहकानुभव प्रमुखाचे काम होऊन बसले. अंक वाढवण्याचे दोन मार्ग असतात: सेवा सुधारणे किंवा प्रश्न योग्य वेळी, योग्य माणसाला विचारणे. दुसरा मार्ग अर्थातच स्वस्त पडतो.

हा अंक कोणाला मोजत नाही, हे पाहायचे तर रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागात जावे. 22 जुलै 2021 च्या अतिवृष्टीत महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याच सुमारास महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळून अनेकांचे प्राण गेले. अशा आपत्तीनंतर विमा नियामक कंपन्यांना दावे लवकर निकाली काढण्यास सांगतो, समन्वय अधिकारी नेमावयास लावतो. ते योग्यच आहे. परंतु पोलादपूर तालुक्यातील कापड्यासारख्या गावातल्या ग्राहकाचा विचार करा. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, पॉलिसीचा कागद चिखलात गेलेला. त्याला शून्य ते दहाचा संदेश मिळालाच, तर तो आठवड्याने मिळणार. आणि उत्तर आले नाही की तो कंपनीच्या हिशेबात असमाधानीही ठरत नाही. तो नुसताच गैरहजर असतो. मुंबईला नोकरी करणारा मुलगा किंवा पुतण्या शाखेत जाऊन भांडला तरच त्याची तक्रार नोंदली जाण्याची आशा. कोकणातल्या घरांना ही व्यवस्था नवी नाही.

मग अधिकार म्हणजे नेमके काय? याचे उत्तर रिझर्व्ह बँकेने दिले आहे आणि त्याची चर्चा व्हावी तेवढी झालेली नाही. बँकिंग लोकपाल योजना 1995 पासून होती. पण लोकपाल बँकेच्या बाहेरचा. मे 2015 मध्ये रिझर्व्ह बँकेने सार्वजनिक क्षेत्रातील बँकांना आणि काही खासगी व परदेशी बँकांना ‘मुख्य ग्राहक सेवा अधिकारी’ नेमण्यास सांगितले. हाच तो अंतर्गत लोकपाल. 2018 च्या योजनेने त्याचे स्थान पक्के केले. बँक एखादी तक्रार पूर्णतः वा अंशतः फेटाळणार असेल, तर ग्राहकाला नकार कळवण्याआधी ती त्याच्यासमोर गेलीच पाहिजे. हा अधिकारी त्या बँकेत पूर्वी नोकरीस असलेला चालत नाही. मुदत ठरलेली, पुनर्नियुक्ती नाही. त्याचा निर्णय अमान्य करायचा तर बँकेला कार्यकारी संचालकाच्या पातळीवर मंजुरी घ्यावी लागते. थोडक्यात, हा अधिकारी बँकेचा ‘नाही’ अडवू शकतो. झगमगीत पदनामाच्या किती ग्राहकानुभव प्रमुखांना हे करता येते? विक्री विभागाने चुकीची पॉलिसी गळ्यात मारली तर ती विक्री रद्द करण्याचा, वसुली थांबवण्याचा, शुल्क परत देण्याचा निर्णय बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच कोणाकडे असतो.

अर्थात अंतर्गत लोकपालाचीही मर्यादा आहे. ग्राहक थेट त्याच्याकडे जाऊ शकत नाही आणि असा कोणी अधिकारी आहे, हेही बहुतेक खातेदारांना ठाऊक नसते.

दरम्यान कृत्रिम बुद्धिमत्तेने या पदासमोर नवाच पेच उभा केला आहे. ‘क्लार्ना’ या स्वीडिश वित्त कंपनीने फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर केले की, आपला यांत्रिक सहायक सातशे कर्मचाऱ्यांइतके काम करतो. 2025 च्या मे महिन्यात त्याच कंपनीच्या प्रमुखांनी, खर्चावर फार भर दिल्याने सेवेचा दर्जा घसरल्याचे मान्य करून पुन्हा माणसे नेमण्याचे ठरवले. कॅनडात ‘एअर कॅनडा’च्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. चॅटबॉट आपल्या वक्तव्याला स्वतःच जबाबदार आहे, असा अजब बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायाधिकरणाने तो फेटाळून भरपाई द्यायला लावली. यंत्र काय बोलेल याची जबाबदारी कंपनीत कोणाच्या नावावर, हे ठरवण्याची पाळी आता ग्राहकानुभव प्रमुखावर आली आहे. यंत्र बसवण्याचा निर्णय मात्र बहुधा खर्चकपातीच्या बैठकीत झालेला असतो.

विमा क्षेत्रातही अंतर्गत लोकपाल असावा, असा मसुदा विमा नियामकाने 2025 मध्ये मांडला. बँकांप्रमाणेच तेथेही कंपन्यांचा कस लागेल तो एकाच कलमावर: लोकपालाने दावा मान्य करा म्हटले, तर कंपनीला तो नाकारता येईल काय आणि नाकारला तर सही कोणाची असेल?