वडिलांची नजर, कॅमेऱ्याचा डोळा

पांडेसरा जीआयडीसीतल्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये आपल्यापैकी अनेकांचे वडील, काका राबले. चेकिंग टेबलावरून सरकणाऱ्या ताक्यातला डाग, भोक, हललेली छपाई ते नुसत्या नजरेनं पकडतात. आता हे काम कॅमेराही करू शकतो.

हा कॅमेरा मोबाइलसारखा अख्खा फोटो काढत नाही, कापडाची एकेक बारीक ओळ टिपतो. हिशोब करून बघा. कापड सेकंदाला १ मीटर धावतंय आणि ०.२ मिलिमीटरचा बारकावा हवाय, तर सेकंदाला ५,००० ओळी! पन्हा १.६ मीटर असेल तर एका ओळीत ८,००० ठिपके, म्हणजे सेकंदाला ४ कोटी. ओळ कधी टिपायची ते रोलरवरचा एन्कोडर सांगतो, म्हणून वेग बदलला तरी चित्र ताणलं जात नाही. कॉम्प्युटरमधलं फ्रेम ग्रॅबर कार्ड त्या ओळी जोडून चित्र तयार करतं.

पण कोणता डाग चालेल आणि कोणत्या डागासाठी ताका बाजूला काढायचा, हे यंत्राला माणसानंच शिकवावं लागतं. ते ज्ञान आपल्या घरात आहे, आणि रिटायर होणाऱ्या माणसाबरोबर ते निघून जातं. इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलामुलींनो, आज जेवताना विचारा, "पप्पा, तुम्ही डाग कसा ओळखता?" आणि उत्तर लिहून ठेवा.