छपरावरून आलेली खबर



पाणी दारात आलं की झोपडपट्टीतला माणूस आधी शेजाऱ्याला हाक मारतो. "तुमच्याकडं किती चढलं?" देवाचा नंबर नंतर लागतो, सरकारचा तर लागतच नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, असं मागाहून कागदावर आलं. माझ्या आईला मिलिमीटर ठाऊक नव्हते. खालच्या गल्लीतली पोरं छातीभर पाण्यातून बोंबलत आली, "नाला फुगला, पोरं वर घ्या". तेवढ्यावर तिनं मला, चार वर्षांच्या पोराला, शेजारच्यांच्या माळ्यावर फेकलं. म्हणून मी आज हे लिहायला आहे. त्या पोरांची नावं कुठल्या अहवालात नाहीत.

त्यानंतर चौतीस दिवसांनी, 29 ऑगस्ट 2005 ला, अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स बुडालं. कतरीना नावाचं चक्रीवादळ. यावेळचं संपादकीय त्या शहरावर आहे. काहीजण म्हणतील, आपल्या गटारीचं पाणी उपसायचं सोडून हा अमेरिकेत कुठं पोहायला निघाला? तर ऐका. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिनं नाव घेतलं ते तिकडच्या काळ्या पोरांच्या ब्लॅक पँथरवरून. ज्यांचं नाव घेतलं त्यांच्या वस्त्या बुडाल्या, तर आपण वाचायचं नाही? शिवाय ते बंदर आहे. गोदीत पाळी करणाऱ्या माणसाला दुसऱ्या बंदराची बातमी परकी नसते.

28 ऑगस्टला सकाळी तिथले महापौर रे नॅगिन यांनी हुकूम काढला, शहर सोडा. हुकूम बरोबरच होता. पण सोडायचं कशानं? लाखभर माणसं अशी, ज्यांच्याकडं गाडी नाही. वर महिनाअखेर. पगार, पेन्शन, मदतीचा चेक, सगळं पहिल्या तारखेच्या आसपास. 28 तारखेला खिशात काय उरतं, हे आमच्याकडच्या कुठल्याही बदली कामगाराला विचारा. चार दिवसांनी केंद्राच्या आपत्ती खात्याचा प्रमुख मायकेल ब्राउन जगाला सांगत होता की माणसं मेली ती इशारा ऐकला नाही म्हणून. म्हणजे गरीब माणूस बुडतो तेव्हासुद्धा गुन्हा त्याचाच.

वादळ तसं शहराच्या अंगावरून बाजूनं गेलं. शहर बुडालं ते पूरभिंती फुटल्या म्हणून. सेव्हन्टीन्थ स्ट्रीटचा कालवा फुटला, लंडन अव्हेन्यूचा फुटला, इंडस्ट्रियल कॅनॉलची भिंत कोसळली. शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली. या भिंती सरकारच्याच लष्करी इंजिनियरांनी बांधलेल्या, आणि त्यांच्या बांधणीत खोट होती हे त्या खात्यानं 2006 मध्ये स्वतः कबूल केलं. इंडस्ट्रियल कॅनॉल हा जहाजांसाठी खणलेला कालवा. त्याला लागून लोअर नाइन्थ वॉर्ड, काळ्या कष्टकऱ्यांची वस्ती, पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या घरात राहणारी. पाणी असं घुसलं की घरं पायावरून उचलून दुसऱ्याच्या अंगणात टाकली. भिंतीच्या भगदाडातून एक अख्खी बार्ज वस्तीत येऊन बसली. बार्ज काय चीज असते ते मी रोज बघतो. ती घरांवर बसलेली मला डोळ्यापुढं आणवत नाही.

आता कुऱ्हाडीची गोष्ट. 1965 च्या सप्टेंबरात बेट्सी नावाचं वादळ आलं होतं, तेव्हाही हाच वॉर्ड बुडाला. माणसं पाण्याला भिऊन माळ्यावर चढली आणि छपराखाली कोंडून मेली. तेव्हापासून तिथल्या म्हाताऱ्यांनी एक रीत घातली, माळ्यावर कुऱ्हाड ठेवायची. चाळीस वर्षं ही खबर एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेली. 2005 ला किती जणांनी आतून छप्पर फोडून डोकं बाहेर काढलं! ज्यांच्या माळ्यावर कुऱ्हाड नव्हती त्यांतले कित्येक तिथंच राहिले.

छपरावर आल्यावर पुढची खबर सुरू झाली. कुणी चादर फडकवली. कुणी रंगानं छपरावरच मोठ्या अक्षरांत लिहिलं, मदत करा, पाणी चढतंय. मोबाईलवर बोलणं होत नव्हतं, पण अक्षरांचा निरोप मधूनच सुटायचा. तो दुसऱ्या गावातल्या बहिणीला जायचा आणि ती तिकडून पत्ता कळवत सुटायची. डब्ल्यूडब्ल्यूएल हे रेडिओ स्टेशन चालू राहिलं. लोक त्यावर फोन करून सांगायचे, मी अमक्या रस्त्यावर, माळ्यावर आहे, सोबत आई आहे. बॅटरीवरच्या रेडिओला कान लावून शहर स्वतःचीच बातमी ऐकत होतं. ज्यांच्याकडं मासेमारीच्या लहान होड्या होत्या ते शेजारी गल्लोगल्ली फिरले. एकाला उतरवलं की तो सांगायचा, मागच्या घरात दोघं आहेत. ही बातमी छापून आली नसेल, पण तिच्यावर माणसं जगली. सरकारचं एक खातं मात्र कामाला आलं हे लिहायलाच हवं. तिथल्या तटरक्षक दलानं तेहतीस हजारांवर माणसं काढली. शिव्या घालायच्या तर हिशेबानं घालाव्यात.

याच दिवसांत वरून दुसरी बातमी उतरत होती. 30 ऑगस्टचे दोन फोटो जगभर फिरले. दोन्हींत माणसं छातीभर पाण्यातून खायचं-प्यायचं घेऊन चाललेली. एका फोटोतला पोरगा काळा, खाली लिहिलेलं की त्यानं दुकान लुटलं. दुसऱ्यात गोरं जोडपं, खाली लिहिलेलं की त्यांना दुकानात पाव सापडला. पाणी तेच, भूक तीच. एका क्रियापदात अख्खी वर्णव्यवस्था. (कुणी कुणी टीव्हीही उचलला म्हणतात. च्यायला, वीज नसलेल्या शहरात टीव्ही! पण त्यापायी अख्ख्या जमातीला दरोडेखोर ठरवायचं?)

मग सुटलं ते सुटलंच. स्टेडियमात, म्हणजे सुपरडोममध्ये, लहान पोरांवर बलात्कार चाललेत, प्रेतांचे ढीग पडलेत, हेलिकॉप्टरवर गोळ्या झाडतात. शहराचा पोलीस प्रमुख आणि महापौर स्वतः टीव्हीवर हे बोलले. परिणाम बघा. 31 ऑगस्टला संध्याकाळी पोलिसांना सांगितलं गेलं, माणसं काढायचं काम थांबवा, लूट थांबवा. माणसं अजून छपरावर होती. 1 सप्टेंबरला नदीवरचा पूल ओलांडून पायी निघालेल्या लोकांना पलीकडच्या ग्रेटना या गोऱ्या गावच्या पोलिसांनी डोक्यावरून गोळ्या झाडून परत फिरवलं. 4 सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र काळ्या माणसांवर गोळीबार केला. दोघं मेले. एक सतरा वर्षांचा मुलगा आणि एक चाळिशीचा मतिमंद माणूस. त्याला पाठीत गोळ्या घातल्या. कागद मात्र असे रंगवले की आमच्यावरच हल्ला झाला. ते कागद खोटे होते हे पोलिसांनी कोर्टात कबूल करायला 2010 उजाडलं.

आणि सुपरडोम? शीतपेटीचा अख्खा ट्रक घेऊन माणसं गेली, दोनशे प्रेतं उचलायची तयारी करून. मिळाली सहा. चार आजारानं गेलेले, एक नशेनं, एकानं जीव दिलेला. तिथल्याच वर्तमानपत्रानं महिना संपायच्या आत हे छापलं. पण तोवर गोळ्या झाडून झाल्या होत्या.

गोदीवाल्यांनी हे आधी एकदा पाहिलं होतं. 1892 च्या नोव्हेंबरात न्यू ऑर्लिन्समध्ये सार्वत्रिक संप झाला. मागणी दहा तासांच्या दिवसाची, जादा कामाच्या पैशाची आणि युनियनच्या माणसाला आधी काम देण्याची. मालक म्हणाले, गोऱ्या युनियनशी बोलतो, काळ्या गाडीवानांच्या युनियनशी नाही. गोरे कामगार फुटेनात. तेव्हा वर्तमानपत्रांनी काळ्यांच्या झुंडी गोऱ्यांवर तुटून पडल्याच्या थापा छापल्या. तरी ते फुटले नाहीत. तास आणि मजुरी वाढवून घेतली, युनियनची अट तेवढी राहिली. त्या कामगारांनी स्वतः धक्क्यावर उभं राहून काय चाललंय ते पाहिलं होतं, छापलेलं खोटं त्यांच्यापुढं टिकलं नाही.

आता आपल्या बाजूचं बोलू. नाहीतर संपादकीय म्हणजे नुसती आरती होईल. 2005 मध्ये लोअर नाइन्थ वॉर्डातले कितीतरी लोक शपथेवर सांगत होते, भिंत फुटली नाही, सुरुंग लावून उडवली, गोऱ्यांचा भाग वाचावा म्हणून. तपासात तसं काही निघालं नाही. ती अफवा होती. पण ती हवेतून आलेली नव्हती. 1927 च्या मिसिसिपीच्या महापुरात, 29 एप्रिलला, शहरातल्या बँकवाल्यांच्या आग्रहावरून खालच्या अंगाला कारनारव्हनचा बांध खरोखरच डायनामाइटनं उडवला. शहर वाचवायला गावं बुडवली. त्याच पुरात वर ग्रीनव्हिल गावी काळ्या मजुरांना बांधावरच्या छावणीत बंदुकीच्या धाकानं अडकवून ठेवलं आणि राबवलं. ज्याच्या आज्याला एकदा बुडवलंय तो नातू सुरुंगावर विश्वास ठेवणारच. मला त्याचा राग येत नाही. पण खोटी गोष्ट खरी होत नाही, आणि सुरुंगाच्या मागं लागलं की ज्या इंजिनियरांनी कच्ची भिंत बांधली ते सुटतात.

आपल्याकडं तर अफवेनं जीवच घेतले. 28 जुलै 2005 च्या रात्री जुहूच्या नेहरूनगर झोपडपट्टीत कुणीतरी ओरडलं, धरण फुटलं, लाट येतेय. अंधारात अरुंद गल्ल्यांत चेंगराचेंगरी झाली. पंधराहून जास्त माणसं मेली, त्यांत बाया आणि पोरं. धरण फुटलेलं नव्हतं. आमच्या आईला वाचवणारी हाक आणि ही हाक, आवाज एकच. पहिल्या पोरांनी नाला डोळ्यांनी पाहिला होता, एवढाच फरक.

म्हणून मलिक रहीमचं नाव घेतो. हा न्यू ऑर्लिन्सचा जुना ब्लॅक पँथर, नदीच्या पलीकडं अल्जिअर्स भागात राहणारा. त्या भागात पाणी शिरलं नाही. पण तिथं गोऱ्यांच्या टोळ्या बंदुका घेऊन काळ्यांना टिपतायत, हे तो पहिल्या दिवसांपासून, जो ऐकेल त्याला, सांगत होता. कुणी मनावर घेतलं नाही. 2008 च्या डिसेंबरात एका पत्रकारानं शोधून काढलं, निदान अकरा जणांना गोळ्या लागल्या होत्या. तीन वर्षं! आपल्या माणसाची खबर दुसऱ्याच्या कागदावर आली तरच ती खबर. रहीम मात्र वाट बघत बसला नाही. वादळानंतर आठवड्याभरात त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर मित्रांसोबत 'कॉमन ग्राउंड' सुरू केलं. भांडवल पन्नास डॉलर. एका मशिदीत दवाखाना उघडला. कुठल्या गल्लीत इन्सुलिन नाही, कुठं पाणी पोचलं नाही, ही माहिती गोळा करत करत ते उभं राहिलं. आधी खबर, मग भाकरी, मग भाषण. आपण नेमकं उलट करतो.

पाणी ओसरल्यावर तपास पथकं दारोदार फिरली. प्रत्येक घरावर रंगाच्या फवाऱ्यानं मोठी फुली. फुलीच्या एका कप्प्यात तारीख, एकात पथक, एकात धोका, खालच्या कप्प्यात आत सापडलेल्यांचा आकडा. बऱ्याच ठिकाणी शून्य. काही ठिकाणी एक, दोन. कतरीनाच्या मृतांचा आकडा आधी 1,833 सांगत, 2023 मध्ये तिथल्या हवामानवाल्यांनी तपासून तो 1,392 केला. लुईझियाना राज्यात गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे पंचाहत्तरी ओलांडलेले. ज्यांना माळ्यावर चढता येत नाही, ज्यांच्या हातात कुऱ्हाड पेलत नाही.

मेल्यानंतर दारावर आकडा टाकायला सरकार येतंच. मरायच्या आधीचा आकडा कोण लिहिणार? आज आपल्या प्रत्येक पोराच्या खिशात मोबाईल आहे आणि पाऊस सुरू झाला की दहा मिनिटांत दहा धरणं फुटतात. तेव्हा आपल्या शाखांना एवढंच सांगणं आहे. पावसाळ्याआधी आपापल्या गल्लीची वही करा. कुठल्या घरात म्हातारं आहे, कुणाला दिवस गेलेत, कुणाचं डायलिसिस चालू आहे, कुणाकडं पक्का माळा आहे, दोर कुणाकडं आहे. जात, पक्ष, मतदान विचारू नका. भय्याचं घर सोडू नका, मुसलमानाचं सोडू नका. पाणी आलं की खबर देणाऱ्यानं आधी सांगावं, मी पाहिलं की ऐकलं, आणि कुठं, किती वाजता. ज्याला हे सांगता येत नाही त्याला गप बसायला सांगा, तो आपला नेता का असेना.

आमच्या गल्लीची वही मागच्या रविवारी सुरू झाली. दोनशे पानी, रेघांची, दोरी बांधून माझ्या दाराआड टांगलेली. पहिल्या पानावर पहिलं घर कोपऱ्यावरच्या म्हातारीचं. वय तिला सांगता येत नाही, ऐंशीच्या पुढं असेल. चालता येत नाही. माळा नाही. मुलगा रात्रपाळीला. चावी समोरच्या शिवणवाल्या बाईकडं.