पाणी उपसता, पण सोडता कुठे?

वाचकहो, विहिरीवरच्या पंपाची तुम्हांला नवलाई नाही. फूट व्हॉल्व्ह गळतो की पंप हवा ओढतो, हे तुम्ही नुसत्या आवाजावरून ओळखता. पण आता आपली मुलेबाळे शहरात राहतात. उद्या मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातून चिरंजीवांनी विचारले, "तळघरात पाणी साचते, किती हॉर्सपॉवरचा पंप घेऊ?" तर त्यांना आधी उलट विचारा, "पाणी सोडणार कुठे?"

मीरा-भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. जमीन सखल, मिठागरांच्या शेजारची. भरतीला खाडी चढली की गटारातले पाणी पुढे सरकत नाही, प्रसंगी उलटे फिरते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच दिवशी मोठी भरती होती. अशा वेळी गटारात सोडलेले पाणी पुन्हा तळघरात यायचे आणि पंप तेच पाणी रात्रभर फिरवीत बसायचा. म्हणून पाइपाचे तोंड रस्त्यावर पाणी जिथवर चढते त्याच्याही वर ठेवावे. पाण्याच्या भूमिगत टाकीजवळ तर ते मुळीच नको.

आता खड्डा. तळघराच्या सर्वांत खोल कोपऱ्यात दोन फूट व्यासाचा व तेवढाच खोल खड्डा घ्यावा आणि फरशीचा ढाळ त्याकडे द्यावा. तळाशी खडी घालून वर वीट किंवा फरशी बसवावी व पंप तिच्यावर ठेवावा, म्हणजे तो गाळ ओढणार नाही. वर मजबूत झाकण हवे. घरात लहान मुले असतात.

पंप केवढा, हे मोजून ठरवावे. भर पावसात खड्डा उपसून घड्याळ लावा. दोन फुटी खड्ड्यात पाणी 10 सेंटिमीटर चढले म्हणजे सुमारे 29 लिटर आले. तेवढे एका मिनिटात येत असेल, तर पाणी जितके वर चढवायचे त्या उंचीवर मिनिटाला 58 लिटर, म्हणजे दुप्पट, उपसणारा पंप घ्यावा. खाडीकाठचे पाणी खारट असते, लोखंड लवकर खाते. तेव्हा स्टेनलेस स्टीलचा पंप बरा.

पंपाच्या वर पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अवश्य बसवावा, नाहीतर पंप थांबताच पाइपातले पाणी परत खड्ड्यात उतरते. पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये, झाकणाखाली, तीन मिलिमीटरचे बारीक भोक ठेवले तर हवा अडकत नाही. पंप आपोआप चालू-बंद करणारा फ्लोट भिंतीला घासू नये.

सर्वांत महत्त्वाचे विजेचे. प्लग आणि स्विच पाणी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर असावेत. अर्थिंग पक्के हवे आणि 30 मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यावा. तळघरात पाणी भरले असताना वरचा मुख्य स्विच बंद केल्याशिवाय कोणीही खाली उतरू नये. सामान पुन्हा घेता येते.

मुसळधार पावसात नेमकी वीज जाते. त्यासाठी पंप पेलणारा इन्व्हर्टर किंवा जनरेटर हवा. मात्र जनरेटर उघड्यावर, दारेखिडक्यांपासून दूर ठेवावा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. गावाकडे विहिरीत डिझेल इंजिन उतरवून चालवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

"आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी" व्हायला नको. म्हणून मृग लागण्यापूर्वीच खड्ड्यातला गाळ काढा आणि पंप चालू होईपर्यंत त्यात बादल्यांनी पाणी ओता. पंप आपसूक चालू झाला, पाणी बाहेर पडले, पंप आपसूक थांबला आणि पाणी परत आले नाही, तर काम नीट झाले म्हणा. मुलांना पत्र लिहा वा फोन करा, पण एवढी चाचणी घ्यायला सांगाच.