उत्तर तर आले!

खिशातल्या गणकयंत्राबद्दल तक्रार करणारा माणूस कृतघ्नच म्हटला पाहिजे. लॉगची कोष्टके पुढे पसरून, बारीक आकड्यांच्या रकान्यांतून बोट फिरवत ज्यांनी प्रॅक्टिकलच्या दुपारी काढल्या, त्यांना हे यंत्र म्हणजे काय सुख आहे ते विचारावे. तरीही मला तक्रार करायची आहे. यंत्र हिशेबात चुकते असे माझे म्हणणे नाही. ते मनात काय धरून हिशेब करते आहे, हे ते धड सांगत नाही, ही माझी तक्रार आहे.

आता हेच पहा ना. काचेच्या लोलकाचा प्रयोग पदार्थविज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो. लोलकाचा कोन ६० अंश आणि न्यूनतम विचलन ३७ अंश १२ मिनिटे आले असे धरा. मग साइन ४८.६ भागिले साइन ३०, की झाला काचेचा अपवर्तनांक : १.५००. हेच यंत्र अंशांऐवजी रेडियनवर असेल तर उत्तर येते १.००८. म्हणजे काच जवळजवळ हवाच झाली! अशा वेळी विद्यार्थ्याला विचारले तर अस्सल हैदराबादी उत्तर मिळते, "सर, मशीनमें जो आया सो लिखा." पण ही चूक निदान तपासणाऱ्याच्या डोळ्यांत तरी भरते. खरा घात तिसऱ्या मापात आहे. काटकोनाचे ९० ऐवजी १०० भाग करणारे 'ग्रेड' नावाचे एक माप आहे. फ्रान्सच्या क्रांतीच्या काळात सर्वत्र दशमान आणण्याच्या उत्साहातून ते पुढे आले. आपल्या अभ्यासक्रमात त्याचे कुणाला काही काम पडत नाही, पण यंत्रात ते ठाण मांडून बसले आहे. यंत्र चुकून त्यावर गेले तर याच लोलकाचे उत्तर येते १.५२३. पुस्तकात क्राउन काचेचा अपवर्तनांक १.५२ च्या आसपास दिलेला असतो. म्हणजे चुकीच्या मापाने काढलेले उत्तर पुस्तकाशी चोख जुळले, आणि ज्या बिचाऱ्याने १.५०० असे बरोबर काढले त्यालाच परीक्षक विचारणार, "तुझे कमी कसे आले?"

पडद्यावर खूण नसते असे नाही. डी, आर किंवा जी असे तिळाएवढे अक्षर वरच्या कडेला असते. पण ते बदलायचे कसे? एका नमुन्यात मोडची कळ दोनदा दाबली की कोनाच्या मापांची यादी येते. त्याच घराण्यातल्या थोरल्या नमुन्यात ती चारदा दाबावी लागते. पुढच्या पिढीत आधी शिफ्ट आणि मग मोड. अगदी अलीकडे हे सारे 'सेटिंग'च्या याद्यांच्या आत गेले आहे. एका यंत्रावर बसलेला हात दुसऱ्यावर आंधळा होतो. त्यात प्रॅक्टिकलला एक यंत्र चार हातांतून फिरते. आधीच्याने सरासरी काढताना भरलेले आकडे आत तसेच राहतात, आणि नंतरच्याच्या सरासरीत पाहुण्यासारखे येऊन मिसळतात.

हा रोग जुना आहे. १९७२ साली हॅवलेट-पॅकार्डचे एचपी-३५ आले. त्याला ३५ कळा होत्या म्हणून ते नाव, आणि जवळजवळ प्रत्येक कामाला स्वतःची कळ. पुढच्याच वर्षीच्या एचपी-४५ मध्ये एक सोनेरी कळ आली, आणि एकेका कळीवर दोन-दोन कामांचा भार पडला. त्या यंत्राच्या पोटात तर एक घड्याळही होते. माहितीपुस्तकात त्याचा उल्लेख नव्हता. एक कळ दाबून मग तीन कळा एकदम दाबल्या की ते चालू होई. उलट, १९७४ च्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एसआर-५० वर अंश की रेडियन हे ठरवणारे साधे सरकते बटण होते. नजर टाकली की कळले! ही सोय गेली कशाला?

गंमत म्हणून घड्याळ लपले तर हरकत नाही. पण परीक्षेला चालणाऱ्या यंत्रात जेव्हा घनसमीकरण सोडवण्याची किंवा संकलन करण्याची सोय यादीच्या तळाशी दडलेली असते, तेव्हा गंमत संपते. दोन विद्यार्थ्यांच्या हातांत एकच यंत्र. एकाला शिकवणीच्या वर्गात हातखंडे शिकवलेले, दुसऱ्याने ते कोठीच्या बाजारात जुने घेतलेले, माहितीची घडीपत्रिका केव्हाच हरवलेली. नियमाने दोघे समान. पत्रिका असली तरी काय? मुंगीच्या पावलांएवढी अक्षरे, तीही इंग्रजीत. नांदेडहून मराठीत किंवा बीदरहून कन्नडमध्ये शिकून आलेल्या मुलाने ती लावायची कशी? १९१७ साली याच शहरात भाषांतराचे खाते निघाले आणि उस्मानिया विद्यापीठासाठी गणित-विज्ञानाचे ग्रंथ उर्दूत आणले गेले. त्या शहराला एक घडीपत्रिका जड जावी हे मला पटत नाही.

आमच्या आजोबांची पिढी पावकी, निमकी, औटकी मोठ्याने म्हणत असे. साडेतीनचा पाढा पाठ करणे जुलमाचे होते खरे, पण त्यात लपवाछपवी नव्हती. एक चुकला तर शेजारचा ओरडे. त्या काळात परत जावे असे मी म्हणत नाही. गेट परीक्षेत २०१६ पासून स्वतःचे यंत्र नेता येत नाही, पडद्यावरचेच वापरावे लागते. त्यावर अंश आणि रेडियन ही दोन वर्तुळे उघड्यावर असतात. कळा उंदराने दाबायच्या म्हणून मुले कुरकुरतात, पण ही एक गोष्ट त्यात शहाणपणाची आहे.

यंत्र करणाऱ्यांना आपण काही सांगू शकत नाही. आपल्या प्रयोगशाळेपुरते सांगू शकतो. वर्षाच्या पहिल्या प्रॅक्टिकलला अर्धा तास यंत्रालाच द्यावा. प्रत्येक प्रयोगाच्या रेकॉर्डात निरीक्षणांच्या वर साइन ३० चे उत्तर लिहायला लावावे, ०.५ नसेल तर पुढे जाऊ नये. आकडेमोडीपूर्वी उत्तर साधारण किती यावे हे एका ओळीत लिहवून घ्यावे. आणि चार-पाच प्रचलित नमुन्यांत माप कसे बदलायचे, आठवण कशी पुसायची, याचा तक्ता भिंतीवर लावावा. मराठीतला मी लिहून देतो. कन्नडचे काम याच अंकाच्या पलीकडच्या पानांवरील मित्रांपैकी कुणीतरी अंगावर घ्यावे. तेलुगू आणि उर्दूसाठी स्टाफरूममध्ये माणसे आहेतच.